बाईची आडवी वीज

त्या संध्याकाळी आमी दोघं शेडात बसून मेथी निवडत होतो. पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं माझं दुकान बंद होऊन लई वर्षं झाली, पण मागचं पत्र्याचं शेड तसंच हाय. तिथं बाईचं टेबल. टेबलावर तांब्याचा ठोकळा, ठोकळ्यावर नखाएवढा धातूचा तुकडा. तुकड्याच्या एका अंगाला बारका हीटर आन् भोवती चुंबकाचं कडं. तुकड्याच्या दोन्ही आडव्या कडांना केसासारख्या तारा चिकटवलेल्या, त्या मीटरला गेलेल्या. हीटर लावला की मीटरचा आकडा ठरायला वेळ लागतो. तेवढा वेळ बाई रिकामी बसणारी न्हाई, म्हणून मेथी.

"मिस्तरी, देठं कावून टाकताय एवढी? कवळी हायेत ती."

"दात कुणाला हायेत चावायला?"

"मला हायेत की."

मग चष्मा कपाळावर सारून तिनं मीटरकडं बघितलं. आकडा थांबला होता. चांगला आकडा होता. "ठरला," म्हणली, पण हसली न्हाई. हसायचं अजून बाकी होतं. चुंबक उलटा केल्यावर त्याच आकड्याच्या पुढं वजाची रेघ आली तर ते खरं. रेघ न्हाई आली तर तुकडा खोटा. मी कड्याला हात घातला तर तिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या. लाईट जायची वेळ झाली. मधीच गेली तर परत पहिल्यापासून. सकाळी उलटा करू."

लाईट गेलीच. बाईनं भाकरी केली, मेथी केली. देठं घातली होती तिनं भाजीत, माझ्या नाकावर टिच्चून. जेवून झोपली. सकाळी उठली न्हाई.

मला लिहायची सवय न्हाई. पण तिच्यामागं लोक जे बोलायला लागले ते ऐकून राहवलं न्हाई. कुणी म्हणतं बाई साध्वी होती, कुणी म्हणतं शास्त्रज्ञ होती, वीज शोधून काढली. बाई साध्वी नव्हती, तोंडाची फटकळ होती. आन् वीज तिनं शोधली न्हाई, तिला सापडली पण न्हाई. जी होती ती सांगतो.

नाव यमुना. लग्न झालं तवा मी चौथी शिकलेला, ती दहावी पास. तिच्या बापानं बघितलं की चौसाळ्यात हायवेला दुकान हाय, पोरगा हातानं कमवून खातो. पोरीला कुणी विचारलं न्हाई. हळद निघायच्या आधी ती मला म्हणली, "मला बीडला कॉलेजात जायचंय. एस्टीनं जाऊन येते." मी म्हणलं, "जा की. एस्टी काय माझ्या बापाची हाय?" आमच्या आईनं चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पण बाई गेली ती गेलीच. पुढं इथल्याच हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवायला लागली. सारा गाव बाई म्हणायला लागला, तवा मी एकट्यानं वेगळं काय म्हणायचं? मी पण बाईच म्हणायला लागलो. ती मला मिस्तरी म्हणायची. आमची पोरगी लहानपणी कुणी आईबापाचं नाव विचारलं तर "बाई आन् मिस्तरी" असंच सांगायची.

बाईची एक खोड होती. काही तापलेलं दिसलं की हाताची मागची बाजू त्याच्यापुढं धरायची. चुलीपुढं, कुकरच्या शिट्टीपुढं, उभ्या मोटारसायकलच्या सायलेन्सरपुढं. आन् म्हणायची, "वाया चाललंय सगळं." एकदा बीडच्या स्टँडवर एस्टी चालू ठेवून ड्रायव्हर तंबाखू मळत बसला होता. ही गेली मागं आन् धरला हात.

"ओ मावशे, भाजंल ना!"

"भाजू दे. तू डिझेल घालतो त्यातलं किती इथून वाया जातंय, ते बघतीय."

ड्रायव्हरला वाटलं तपासणीला आलेली साहेबीण हाय. त्यानं तंबाखू फेकली, इंजिन बंद केलं आन् डोक्यावर टोपी घातली. उन्हाळ्यात तर ती भर दुपारी शिडी लावून पत्र्याला हात लावून यायची. मी खालून शिव्या घालायचो. तिच्या चितेचं मी काही लिहीत न्हाई. तिथं पण तिनं हात पुढं केला असता, एवढंच.

हे येड कुठनं लागलं तर एका पोरीपासून. ऊसतोडीला जाणाऱ्याची पोरगी, बाईच्या वर्गात होती. दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्याला जायची, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची, तवर शिकलेलं सारं धुऊन गेलेलं. बाईनं तिला झापलं. "दिवसा काम असतं, कबूल. संध्याकाळी पुस्तक उघडायला काय झालं?"

पोरगी म्हणली, "बाई, कोपीत चूल असती. दिवा नसतो."

कोपी म्हणजे फडाकडंला टाकलेली पाचटाची खोपटी. उजेडापुरती चूल पेटती ठेवावी तर कोपीच पेटायची, म्हणून भाकरी झाल्या की पाणी मारून मोकळं. बाई त्या दिवशी जेवताना घास हातात धरून बसली. "एवढी आग हाय आन् उजेड न्हाई. हे कसलं हो मिस्तरी?" मी म्हणलं, "बॅटरी घेऊन दे तिला." तिनं दिली पण. पुढच्या वर्षी पोरगी आलीच न्हाई, लग्न लावून दिलेलं. बॅटरीचं काय झालं कुणाला ठाऊक. पण चुलीच्या आगीतून एक दिवा लागंल एवढी वीज काढायची, हे बाईच्या डोक्यात जे बसलं ते निघालं न्हाई. नोकरी होती तवर वाचत राहिली. रिटायर झाली आन् माझं शेड ताब्यात घेतलं.

पहिल्यांदा तिनं तयार चकत्या आणल्या. एक बाजू तापवली, दुसरी गार ठेवली की वीज देणाऱ्या असतात तशा. चुलीवर धरल्या तर आतले सांधे वितळले. बाईनं त्या फोडून मला दाखवल्या. आत बारीक बारीक तुकडे, एकाला एक जोडलेले.

"जिथं सांधा तिथं बिघाड," मी म्हणलं. मोटारीतही तेच असतं.

"मग बिनसांध्याचं पाहिजे," ती म्हणली.

बिनसांध्याचं म्हणजे काय, ते तिनं मला किती दिवस सांगितलं. साध्या धातूत उष्णता गरम बाजूकडून गार बाजूकडं जाते आन् वीजही तिच्याच वाटेनं सरळ ढकलली जाते. पण काही चुंबकी धातू असे हायेत की उष्णता सरळ जाते, चुंबक उभा असतो आन् वीज त्या दोघांना सोडून आडवी निघते. मग सांधेबिंधे नकोत. नुसता पातळ पत्रा चुलीच्या धुराड्याला गुंडाळायचा, आडव्या कडांना दोन तारा लावायच्या. तसला धातू परदेशात लोकांनी केलेला हाय. आन् तो सोन्याचांदीचा नव्हं, लोखंड आन् अ‍ॅल्युमिनियम. हे ऐकल्यावर मात्र मी कान टवकारले. लोखंड आन् अ‍ॅल्युमिनियम माझ्या घरच्या वस्तू.

"पण आडवी कावून जाती?" मी विचारलं.

तिनं मला बाजेकडं नेलं. दोरी ढिली केली, परत ओढली. "ही गाठ बघा. दोरी ताणा, सैल करा, हलवा. गाठ जाती का? कापल्याशिवाय जात न्हाई. त्या धातूच्या आत विजेच्या वाटेलाच असा पीळ पडलेला असतो. वाटच वळलेली, मग चालणारा कितीही सरळ चालला तरी बाजूलाच जाणार. आन् हा पीळ उष्णतेनं सुटत न्हाई."

"गाठ दिसती का?"

"न्हाई दिसत. आडवी वीज निघाली तर समजायचं हाय."

मला बाजेपुरतं कळलं. पुढचं कळलं असं खोटं सांगत न्हाई. बाज मात्र ढिली ती ढिलीच राहिली, कंबर माझी धरली.

मग तिचं सुरू झालं. विद्यापीठात एक तरुण सर होते, पोरासारखे, लई अदबीनं बोलणारे. त्यांनी चांगल्या लोखंडाचा चुरा दिला, भंगारातलं लोखंड चालत न्हाई म्हणले. माझ्या आर्गन गॅसच्या वेल्डिंगवर मी तांब्याच्या पाटीवर ते आन् अ‍ॅल्युमिनियम एकत्र वितळवायचो, गोटी व्हायची. गोटी कापून, घासून पातळ चिपा करायच्या. तो धातू लई ठिसूळ. घासता घासता टिचकन जायचा. बाई तुकडे गोळा करायची आन् म्हणायची, "परत." चुंबक दिले आमच्या शेजारच्या रफिकभाईनं. तो लग्नातल्या डीजेचे स्पीकर दुरुस्त करतो, फुटक्या स्पीकरातले चुंबक त्याच्याकडं पडून असतात.

एक दिवस आकडा आला. मोठा आला. बाईनं तीनदा हीटर बंद करून लावला, तिन्ही खेपेला आला. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. केस सुटलेले, चष्म्याला तेलाचे हात. ती सरळ हायवेच्या हॉटेलात गेली आन् पेढे घेऊन आली. गल्लीत घरोघर वाटले. रफिकभाईला दोन दिले, चुंबक त्याचा म्हणून. मग आमी दोघं तुकडा डबीत घालून विद्यापीठात गेलो.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. आकडे बघितले. मग एकच विचारलं, "मॅडम, मॅग्नेट उलटा करून बघितला का?"

बाई म्हणली, "न्हाई."

सर पुढं समजावून सांगायला लागले. पण तिला तिथंच कळलं होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. वर्गात तराजू शिकवताना ती पोरांना सांगायची, पारडी अदलाबदल करून परत तोला, तराजूचा खोटेपणा उघडा पडतो. तेच तिनं इथं केलं नव्हतं. आनंदाच्या भरात राहिलं. येताना एस्टी घाटात गरम होऊन थांबली, सगळे उतरले, बॉनेटमधून वाफा निघत होत्या. बाई खाली उतरलीच न्हाई. हात पुढं केला न्हाई.

घरी आल्यावर मी ते फिरतं कडं करून दिलं. चुंबक कड्यात बसवायचे आन् कडं अर्धं फिरवलं की वरचं खाली होतं. आडवी वीज खरी चुंबकामुळं आली असंल तर चुंबक उलटा झाल्यावर तीही उलटी वाहायला पाहिजे, मीटरवर वजाची रेघ आली पाहिजे. बाईनं कडं फिरवलं. आकडा जिथल्या तिथं. दोन तारा समोरासमोर लागल्याच नव्हत्या. एक तार केसाएवढी गरम बाजूला सरकलेली, म्हणून सरळ जाणारी साधी वीजच तिच्यात शिरत होती. एवढ्यासाठी पेढे.

दुसऱ्या दिवशी ती ज्या ज्या घरी पेढा दिलता त्या घरी गेली. मी म्हणलं, "अगं बाई, कुणाला काय कळतंय? गप बस." तिनं ऐकलं न्हाई. दारात उभी राहून सांगायची, "काल पेढा दिला ते खोटं निघालं. माझी चूक झाली. वीज न्हाई आली."

गोदाकाकू म्हणली, "अगं बया, मला तर वाटलं तुला नातू झाला म्हणून पेढा होता!"

रफिकभाई म्हणला, "पेढा तो कब का हजम हुआ बाई. अब क्या उलटा करते उसको?"

बाई हसली. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडात एकच बसलं, "उलटं करून बघा." भाजीवाल्याचा काटा, पोरीनं फोनवर सांगितलेलं तिच्या नवऱ्याचं गाऱ्हाणं, पेपरातली बातमी, सगळ्याला तेच. पोरगी पुण्याहून तणतणली, "आई, मी इथं रडतीय आन् तू म्हणतेस त्याच्या बाजूनं सांगून बघ!" "मग बघ ना सांगून," ही म्हणली. पोरीनं फोन आपटला. संध्याकाळी परत केला आन् म्हणली, थोडी माझी पण चूक हाय.

एकदा शाळेच्या गॅदरिंगला तिचा सत्कार ठेवला. तालुक्यातले एक पुढारी आलते. त्यांनी शाल घातली, नारळ दिला आन् माईकवर म्हणले, "बाई म्हणजे आपल्या सर्वांची मायमाऊली. बाईंनी हाक मारावी, हा लेक धावत येईल."

बाईला दोन शब्द बोलायला उभं केलं. ती म्हणली, "साहेबांचं प्रेम बघून भरून आलं. पण आमच्यात एका मापावर विश्वास ठेवत न्हाईत, चुंबक उलटा करून बघतात. साहेबांची खुर्ची एकदा उलटी होऊ द्या. तरी प्रेम एवढंच राहिलं तर ते साहेबांचं. बदललं तर ते खुर्चीचं."

मांडवात पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेब पण हसले, हसावंच लागलं. हेडमास्तर घामानं निथळत होते. पुढल्या निवडणुकीत साहेब पडले. नंतर एकदा हायवेच्या हॉटेलात समोरच्या टेबलावर दिसले. बाईनं नमस्कार केला तर त्यांनी मान फिरवून चहा फुंकायला घेतला. बाई माझ्याकडं वाकून म्हणली, "आली बघा वजाची रेघ."

तिच्या साऱ्या जन्मात तेवढीच एक वजाची रेघ आली, असं मी म्हणलो तर तिला आवडलं असतं. धातूच्या तुकड्यांनी तिला एकदाही दिली न्हाई. किती गोट्या वितळवल्या, किती चिपा घासल्या. काही टिचल्या, काही गंजल्या. ज्या धड राहिल्या त्यांचा आकडा चुंबक उलटा केला तरी तोच. प्रत्येक खेपेला सरांना फोन. सर म्हणायचे, मॅडम, आत पीळ नीट बसला नसंल, जास्त वेळ भाजून सावकाश गार करा. न्हाईतर चुंबक कमी पडत असंल. या ना त्यानं होत असंल. सरांचा काही दोष न्हाई, त्यांना तरी इथं बसून काय दिसणार? आमच्याकडं कॉलेजनं मोडीत काढलेला मीटर आन् डीजेचा चुंबक.

मी एकदा वैतागलो. म्हणलं, "बाई, आलं म्हणून सांग. वही तपासायला कोण येतंय इथं चौसाळ्यात?"

ती चिडली न्हाई. चिमटा खाली ठेवला आन् विचारलं, "मिस्तरी, जळालेली मोटार नुसती रंग देऊन गिऱ्हाइकाला दिली कधी?"

"न्हाई."

"गिऱ्हाईक लांबचं असलं, परत येणार नसलं तरी?"

"न्हाई म्हणलं ना."

"मग आर्गन चालू करा."

दिव्याचं येड तिनं केव्हाच सोडलं होतं. मी विचारलं होतं, एक बल्ब पेटायला केवढा पत्रा लागंल? तिनं हिशोब केला आन् म्हणली, "आपली गल्ली झाकंल एवढा. आन् तेवढी चूल." आमी दोघं पोट धरून हसलो. हसून झाल्यावर ती म्हणली, "बल्ब दुसरं कुणी पेटवंल. माझ्या तुकड्यात पीळ हाय का न्हाई, एवढं मला कळलं पाहिजे. होय का न्हाई. मरायच्या आधी एक शब्द."

मरायच्या आधी असं ती उगं म्हणत नव्हती. बीडच्या डॉक्टरनं तिच्या छातीतली झडप निकामी होत आली म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाले, या वयात सांगता येत न्हाई. बाईला "सांगता येत न्हाई" हे उत्तर सोसायचंच न्हाई. तिला गोळ्या दिल्या. त्यानं धाप कमी झाली. तर हिनं काय करावं? मला न सांगता गोळ्या बंद करून बघितल्या, खरंच गोळ्यांनी बरं वाटतंय का मनानंच, ते बघायला. शेडातच खाली बसली, ओठ निळे पडले. रिक्षात घालून नेली.

डॉक्टर म्हणाले, "आजी, असं करतात का?"

ही मास्क बाजूला करून म्हणती, "गोळी खरी हाय डॉक्टर. उलटी करून बघितली."

मी तिथंच ओरडलो. "तुझं उलटं करणं धातूवर कर. तुझ्या छातीवर करायचं काम न्हाई, सांगून ठेवतो." दवाखान्यातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिनं माझा शर्ट धरला आन् हळू म्हणली, "चुकलं." चूक कबूल केलेली तिच्या तोंडून मी पेढ्याच्या टायमाला ऐकली होती, त्यानंतर तवाच.

शेवटचा तुकडा आमी त्यानंतर केला. तो टिचला न्हाई. माझ्या हातात आता पूर्वीची ताकद न्हाई, म्हणून लई हळू घासला, त्यानंच वाचला असंल. बाईनं भट्टीत भाजला आन् जितका सावकाश गार करता येईल तितका केला. तारा तिनं भिंगातून बघून अगदी समोरासमोर चिकटवल्या. हात थरथरायचा म्हणून मनगट मी धरायचो. ती म्हणली, "मिस्तरी, पुढचा तुकडा करायचं बळ आता न्हाई. हा शेवटचा." मी म्हणलं, "असं बोलू नको." ती म्हणली, "बोलू नको म्हणून बळ येतं का?"

मग ती मेथीची संध्याकाळ. आकडा ठरला. चुंबक उलटा करायचा राहिला.

सकाळी मी हाक मारली, मग हलवली, मग कळलं. हात गार पडला होता. गोदाकाकूला बोलावलं. रफिकभाईनं पोरीला फोन लावला, ती पुण्याहून निघाली. ती येईपर्यंत न्यायचं न्हाई असं ठरलं. बायांनी बाईला अंघोळ घातली, पुढच्या खोलीत ठेवली. गल्ली जमली. जो येईल तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आन् काहीतरी म्हणायचा. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला तेवढ्यात घरातला पंखा फिरायला लागलेला दिसला. लाईट आलती.

मी उठलो आन् शेडात गेलो. हीटर लावला.

तिनं मला पद्धत शिकवलेली होती. आधी सरळ, मग उलट, मग परत सरळ. घाई करायची न्हाई, आकडा ठरल्याशिवाय कड्याला हात लावायचा न्हाई. मी स्टुलावर बसलो. तिच्या स्टुलाखाली मेथीची दोन-तीन देठं पडली होती, मी टाकलेली. ती उचलून टेबलावर ठेवली. आकडा चढत गेला आन् ठरला. कालच्याच जागी.

कडं अर्धं फिरवलं.

आकडा हलला. जरा खाली गेला. मग परत चढला आन् होता तिथं येऊन थांबला. वजाची रेघ न्हाई. मी वाट बघितली. पुढून रडण्याचा आवाज येत होता, कुणीतरी नवीन आलं असंल. रेघ आली न्हाई. मग कडं परत सरळ केलं, कारण ती म्हणायची की एकदाच उलटं करून सोडून देणारा अर्धवट. आकडा तोच. आता शंकेला जागा राहिली न्हाई. तुकडा खोटा, का चुंबक कमी, का मीटर म्हातारा, ते सांगणारं माणूस पुढच्या खोलीत ठेवलं होतं.

मी आत गेलो. बाया बाजूला सरल्या. तिच्या उशाशी बसलो. तिचा चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळं ती जरा वेगळी दिसत होती. एक सांगतो, माझ्या तोंडात "आलं" हा शब्द आलता. तिला आता कोण उलटं करून बघू देणार होतं? पण समोर बाई होती. मी तिच्या कानाशी वाकलो आन् म्हणलं, "बाई, न्हाई आलं."

गोदाकाकू डोळे पुसत म्हणली, "येतीय की हो, निघालीय पोरगी. घाटात गाड्या अडकल्यात म्हणं."

मी उठलो. परत शेडात गेलो आन् हीटर बंद केला. तांब्याचा ठोकळा चांगलाच तापला होता. मी हात उलटा करून त्याच्यावर ठेवला आन् ठोकळा गार होईपर्यंत तसाच बसून राहिलो.